तंबोऱ्याच्या कर्त्याला मांडवात जागा

संगीताच्या मोठ्या मैफलीत सर्वांच्या डोळ्यांसमोर असूनही कोणाच्याच ध्यानात न येणारी एक कलाकृती असते. गायकाच्या मागे, उजव्या व डाव्या अंगास, दोन शिष्य तंबोरे घेऊन बसलेले असतात. त्या तंबोऱ्यांच्या भोपळ्यावर वेलबुट्टी असते, गळ्याशी पाने कोरलेली असतात, दांडीच्या कडेने पांढऱ्या नक्षीची रेघ धावत असते. ही सारी कारागिरी हाताने केलेली असते. श्रोता तासन् तास तिच्याकडे पाहत असतो; पण ती कोणी घडविली हे त्याला ठाऊक नसते, आणि कोणी सांगतही नाही. गायकाचे नाव घोषित होते, तबलजीचे होते, पेटीवाल्याचे होते, तंबोऱ्यावर साथ करणाऱ्या शिष्यांचेही होते. तंबोरा घडविणाऱ्याचे मात्र सहसा होत नाही.

संगीतमहोत्सवात हस्तकलेचे प्रदर्शन हा विषय अलीकडे पुष्कळ चर्चिला जातो. महोत्सवाच्या आवारात दालने उभारावीत, तेथे कारागिरांनी आपल्या वस्तू मांडाव्यात, श्रोत्यांनी मध्यंतरात त्या पाहाव्यात व विकत घ्याव्यात, अशी ही कल्पना आहे. ती चांगलीच आहे. परंतु महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या संगीतमहोत्सवाचा विचार करू लागलो, की ध्यानात येते ते हे, की हस्तकला तेथे दालनात येण्यापूर्वीच रंगमंचावर येऊन बसलेली आहे. ती तेथवर कशी आली आणि तिचा कर्ता मागे का राहिला, याचा इतिहास पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या यंत्रनगरीत राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांनी जाणून घेण्याजोगा आहे.

दरबारातून मांडवात

एकोणिसाव्या शतकापर्यंत अभिजात संगीताला मुख्य आधार होता तो राजेरजवाड्यांचा आणि देवस्थानांचा. सर्वसामान्य माणसाने पैसे देऊन वा न देता, जातीपातीचा विचार न करता, एका मांडवात बसून गाणे ऐकावे, ही गोष्ट तुलनेने नवी आहे. पंजाबात जालंदर येथे १८७५ पासून भरणारे हरवल्लभ संगीत संमेलन हे या बाबतीत फार जुने उदाहरण. महाराष्ट्राचे सुपुत्र पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि तिकीट लावून जाहीर जलसे करण्याची रीत रूढ केली. गवयाने संस्थानिकाच्या मर्जीवर नव्हे, तर जनतेच्या आश्रयावर जगावे, हा त्यांचा आग्रह होता.

१९१६ साली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने व महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. आपल्या विषयाच्या दृष्टीने या परिषदेचे एक वैशिष्ट्य असे, की तेथे गाण्याबरोबर एक वाद्यही विद्वानांच्या परीक्षेसाठी पुढे आले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ब्रिटिश सनदी अधिकारी क्लेमेंट्स यांनी बावीस श्रुती वाजविता याव्यात अशी खास पेटी तयार करविली होती. ती परिषदेपुढे मांडली गेली, तिच्यावर खडाजंगी झाली आणि जाणत्यांचे तिने समाधान केले नाही. पेटी नापसंत झाली खरी; पण वाद्य ही केवळ वाजविण्याची नव्हे, तर पारखण्याची, चर्चा करण्याची वस्तू आहे, एवढे त्या प्रसंगाने दाखवून दिले.

देवल-क्लेमेंट्स यांच्या श्रुतींच्या प्रयोगांत ज्यांनी आपल्या गळ्याचे साहाय्य केले, ते किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ. उत्तरेतील किराना गावी जन्मलेला हा गवई बडोदा, पुणे अशी मजल करीत अखेर मिरजेस स्थायिक झाला. त्यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर हे रंगभूमीवरील कामगिरीमुळे ‘सवाई गंधर्व’ या नावाने महाराष्ट्राला परिचित झाले. १९५२ साली ते निवर्तले. पुढील वर्षी, १९५३ मध्ये, पंडित भीमसेन जोशी आदी शिष्यमंडळींनी गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात संगीतमहोत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळाने तो चालविला व वाढविला. रमणबाग शाळेच्या पटांगणावर तो वर्षानुवर्षे भरत असे. २०१८ पासून तो मुकुंदनगरच्या महाराष्ट्रीय मंडळाच्या पटांगणावर भरू लागला. २०११ साली भीमसेनजींचे निधन झाल्यावर महोत्सवाला त्यांचेही नाव जोडण्यात आले. कोरोनाच्या साथीमुळे २०२० व २०२१ ही दोन वर्षे खंड पडला, आणि २०२२ पासून तो पुन्हा भरू लागला. हजारो श्रोते तेथे जमतात. त्यांत पिंपरी-चिंचवडहून लोकलने जाणारे, पहिल्या पाळीचे काम आटोपून मांडवात भारतीय बैठकीवर जागा धरणारे कामगारही असतात.

शिकलगारांची सतार

आता तंबोऱ्याकडे वळू. महाराष्ट्रातील ख्रिस्ती कुटुंबांना मिरज हे गाव बहुधा डॉ. वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या मिशन रुग्णालयामुळे परिचित असते. परंतु त्याच्याही आधीपासून मिरज आणखी एका कारणाने नावाजलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे फरीदसाहेब नावाचा कारागीर होऊन गेला. त्याचे घराणे शिकलगारांचे, म्हणजे तलवारी, भाले अशी शस्त्रे घडविण्याचे व त्यांना धार लावण्याचे. इंग्रजी अंमल स्थिरावला, लढाया थांबल्या, शस्त्रांची मागणी आटली. अशा वेळी या कुटुंबाच्या कुशल हातांनी वाद्यदुरुस्तीचे काम धरले आणि पुढे ते स्वतःच सतारी व तंबोरे घडवू लागले. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनी या कलेला आश्रय दिला. आज मिरजेत ‘सतारमेकर’ हे आडनाव आहे आणि सतारमेकर गल्लीही आहे. तलवारीला पाणी देणाऱ्या हातांनी सुरांना आस दिली, हा बदल मोठा विलक्षण म्हटला पाहिजे. पण तो हौसेने झाला नव्हता. पोटाचा धंदा बुडाला म्हणून झाला होता, हे विसरता कामा नये.

तंबोरा घडतो कसा, हेही पाहण्यासारखे आहे. त्याचा भोपळा खाण्याचा नव्हे. तो कडू जातीचा, जाड सालीचा. पंढरपूर, मंगळवेढे या भागात, भीमेच्या काठच्या शेतांत, शेतकरी तो मुद्दाम पिकवितात आणि वेलीवरून उतरवून कित्येक महिने वाळवितात. म्हणजे या वाद्याच्या निर्मितीत पहिला वाटा शेतकऱ्याचा असतो. कारागीर आकार पाहून भोपळा निवडतो. पुरुषांच्या खालच्या पट्टीसाठी मोठा, स्त्रियांच्या वरच्या पट्टीसाठी लहान. मग तो पाण्यात भिजवून मऊ करतात, कापतात, आतून साफ करतात आणि हवा तो आकार धरावा म्हणून आत काठ्यांचा ताण देऊन पुन्हा वाळवितात. त्यावर तुनीच्या लाकडाचा गळा, दांडी व तबली बसते. जोड झाकण्यासाठी पाने कोरून चिकटवितात, कडांना नक्षी करतात, लाखेचे रोगण चढवितात. पूर्वी नक्षीला हस्तिदंत वापरीत. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ व १९९१ साली झालेल्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. आता त्याची जागा प्लॅस्टिकसारख्या पदार्थांनी घेतली आहे. हत्ती वाचला, नक्षीही टिकली. कला पोटात बदल घेऊनही जिवंत राहू शकते, याचे हे चांगले उदाहरण होय.

पण तंबोऱ्याचा प्राण नक्षीत नसतो. तो जवारीत असतो. ज्या घोडीवरून चार तारा जातात, तिचा पृष्ठभाग सपाट दिसला तरी सपाट नसतो. त्याला अगदी सूक्ष्म उतार असतो. तार त्या उतारावर हलकेच घासली गेली म्हणजे एका स्वरातून अनेक स्वरांचे तरंग उठतात. कारागीर कानसीने घोडी घासतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा घासतो. एक हात अधिक पडला तर स्वर बोथट होतो, एक हात कमी पडला तर तो मोकळा होत नाही. शेवटी तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवून नेमकी जागा साधली जाते. अब्दुल करीम खाँ स्वतः वाद्यदुरुस्तीत व जवारी लावण्यात निष्णात होते. तंबोरा जुळला नाही तर गाणे सुरू होत नाही, हे किराणा घराण्याच्या गायकांइतके कोणी जाणले नसेल.

आपल्या औद्योगिक पट्ट्यातील वाचकांना हे काम परके वाटू नये. आयटीआयमध्ये फिटरचे शिक्षण घेतलेल्या कोणालाही विचारा. बाकात धरलेला लोखंडाचा ठोकळा कानसीने सपाट करणे, त्याला गुण्या लावून फटीतून उजेड दिसतो का ते पाहणे, पुन्हा कानस चालविणे, हा त्याचा पहिला धडा असतो. यंत्राने केलेल्या कामाचा कस अखेर हाताने शिकलेल्या नजरेवर लागतो. भेद आहे तो एवढाच, की फिटर उजेडाने तपासतो आणि सतारमेकर कानाने. दुसरा भेद मात्र मोठा आहे. कारखान्यात हजारावा भाग पहिल्यासारखाच निघाला पाहिजे, त्यातच त्याचा गुण; तंबोऱ्याचे दोन भोपळे कधीच सारखे नसतात, आणि प्रत्येकाची समजूत वेगळी काढावी लागते.

आश्रयदाता बदलला

इतिहासातील दोन सालांकडे येथे लक्ष वेधावेसे वाटते. १९४८ साली दक्षिणेतील संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली आणि मिरजेच्या कारागिरांचा संस्थानी आश्रय संपला. अवघ्या पाच वर्षांनी, १९५३ मध्ये, पुण्यात सवाई गंधर्वांचा महोत्सव सुरू झाला. राजाची जागा जनतेने घेतली. गवयाला नवा यजमान मिळाला. तो हजारो डोक्यांचा, उदार आणि टाळ्यांनी दाद देणारा होता. वाद्य घडविणाऱ्याला मात्र असा यजमान थेट भेटला नाही. संस्थानिक निदान आपल्या वाद्यकाराला नावाने ओळखत असे. जनता त्याला ओळखत नाही, कारण तो तिच्यापुढे येतच नाही. त्याचे गिऱ्हाईक गायक, आणि गायकाचे गिऱ्हाईक जनता.

योगायोग असा, की १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला आणि आपल्या यंत्रनगरीची पायाभरणी त्याच काळात झाली. पुढे १९७० साली पिंपरी-चिंचवड नवनगर झाले, १९८२ साली महानगरपालिका झाली, आणि २००९ च्या सुमारास चाकणला मोठमोठे मोटार कारखाने आले. गावोगावचे सुतार, लोहार, कुंभार, विणकर यांची मुले या कारखान्यांत आली. त्यांना पगार मिळाला, घरे झाली, मुले शिकली. हे लहान सुख नव्हे. पण त्यांच्या हातांतील जुनी कला बहुधा त्यांच्याबरोबरच थांबली. ज्या दशकांत मिरजेचा कारागीर नव्या आश्रयदात्याची वाट पाहत होता, त्याच दशकांत इकडचा कारागीर कामगार होत होता. या दोन गोष्टी एकाच इतिहासाच्या दोन बाजू आहेत.

जगात इतरत्र काय झाले

संगीत आणि हस्तकला यांना एका आवारात आणण्याचे प्रयत्न इतर देशांतही झाले आहेत. अमेरिकेत १९६९ साली भरलेल्या प्रख्यात वुडस्टॉक महोत्सवाच्या अधिकृत नावात ‘संगीत व कला-मेळा’ असे शब्द होते. लाखो तरुण जमले, संगीताची कीर्ती जगभर झाली. नावातील कला-मेळा मात्र आज फारसा कोणाच्या स्मरणात नाही. याउलट १९७० साली न्यू ऑर्लिन्स शहरात जॅझ व वारसा महोत्सव सुरू झाला, तेव्हा कलावंत अधिक आणि प्रेक्षक थोडे, सुमारे साडेतीनशेच, अशी अवस्था होती. तथापि तेथे पहिल्यापासून गाणे, स्थानिक खाद्यपदार्थ आणि हस्तकला यांना एकाच वारशाची अंगे मानले गेले. वर्षभर खपून हाताने मणी शिवलेले वेश घालून कृष्णवर्णीय वस्त्यांतील पथके तेथे मिरवीत आली. पुढे हा महोत्सव लाखोंचा झाला, तरी कारागिराने प्रेक्षकांसमोर बसून वस्तू घडवून दाखवावी, ही प्रथा तेथे टिकली. आपल्याकडे मुंबईत १९९९ पासून भरणाऱ्या काळा घोडा कलामहोत्सवात एकीकडे गाणे-नाचणे आणि दुसरीकडे हस्तकलेची दालने, असा मेळ दिसतो.

पण आपल्या विषयाला सर्वांत जवळचे उदाहरण इटलीतील क्रेमोना या कॅथलिक शहराचे आहे. तेथे अंतोनियो स्त्रादिवारी या कारागिराने जगातील सर्वोत्कृष्ट व्हायोलिने घडविली. १७३७ साली तो मरण पावला आणि क्रेमोनाच्या सान दोमेनिको चर्चमध्ये त्याला मूठमाती देण्यात आली. त्याचा समकालीन ज्युझेप्पे ग्वार्नेरी आपल्या वाद्याच्या आत चिकटविलेल्या चिठ्ठीवर नावाबरोबर येशूच्या नामाची आद्याक्षरे व क्रूस छापीत असे. म्हणून जग त्याला ‘येशूचा ग्वार्नेरी’ या अर्थाच्या नावाने ओळखते. वाद्याच्या पोटात दडलेली ती एक लहानशी चिठ्ठी! तिच्यामुळे तीन शतकांनंतरही वादक कोण, याबरोबरच वाद्य कोणाचे, हे मैफलीच्या पत्रिकेवर अभिमानाने छापले जाते.

तरीही नावाने कला तगत नाही. स्त्रादिवारीच्या पिढीनंतर क्रेमोनाची कला क्षीण होत गेली. १८६९ साली ते सान दोमेनिको चर्चही पाडण्यात आले. तिला नवा जीव आला तो १९३७ साली. स्त्रादिवारीच्या मृत्यूस दोनशे वर्षे झाली म्हणून शहराने त्याच्या जुन्या वाद्यांचे प्रदर्शन भरविले. आणि प्रदर्शनावरच न थांबता पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, व्हायोलिन घडविण्याची शाळा काढली. आज त्या गावात शेकड्यावर कार्यशाळा आहेत, आणि २०१२ साली युनेस्कोने क्रेमोनाच्या या परंपरेची मानवजातीचा वारसा म्हणून नोंद केली. प्रदर्शनाने लोकांचे डोळे उघडले. पण हात तयार केले ते शाळेने.

त्याच १९३७ साली, ऑक्टोबर महिन्यात, इकडे अब्दुल करीम खाँ दक्षिणेच्या प्रवासात एका लहानशा रेल्वे स्थानकावर निवर्तले. त्यांचा देह मिरजेस आणून मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला. दर वर्षी उरुसाच्या वेळी त्यांच्या स्मरणार्थ तेथे संगीतसभा होते आणि देशभरातील गायक-वादक हजेरी लावून जातात. ज्या गावात वाद्य घडते त्याच गावात ते गाते, असे भाग्य फार थोड्या ठिकाणांना लाभले आहे.

नाव कोणाचे?

आज मिरजेच्या कलेपुढे संकट उभे आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरहून इलेक्ट्रॉनिक तंबोरा बाजारात आला. आता तर तो मोबाईलमध्येच असतो. एकट्याने रियाज करणाऱ्या विद्यार्थ्याला, लहान घरात राहणाऱ्या शिक्षिकेला त्याचा मोठा आधार आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यामुळे नवे तंबोरे कमी विकत घेतले जातात, हेही खरे. तिकडे भीमेला पूर आला वा पावसाने दगा दिला तर भोपळ्याचे पीक जाते. आणि कारागिराचा मुलगा बापाच्या हाताखाली वर्षानुवर्षे बसण्याऐवजी नियमित पगाराची नोकरी शोधतो. त्याला दोष कोण देणार? आपल्यापैकी कित्येकांच्या वाडवडिलांनी तेच केले आहे.

या पार्श्वभूमीवर २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही समाधानाची घटना होय. १९९९ च्या कायद्यानुसार मिळणारे हे मानांकन दहा वर्षांसाठी असते व पुढे त्याचे नूतनीकरण करता येते. आता मिरजेबाहेर बनविलेले वाद्य मिरजेच्या नावाने विकता येणार नाही. गावाचे नाव सुरक्षित झाले. परंतु गावाचे नाव म्हणजे कारागिराचे नाव नव्हे. क्रेमोनाला नाव आहेच. तरी स्त्रादिवारीला वेगळे नाव आहे.

म्हणून संगीतमहोत्सवातील हस्तकलेच्या प्रदर्शनाकडे केवळ विक्रीची सोय म्हणून पाहणे अपुरे वाटते. सवाई गंधर्व महोत्सवाच्या आवारात थोर कलावंतांच्या छायाचित्रांची प्रदर्शने भरत आली आहेत. ती पाहताना श्रोते गायकाचा चेहरा जवळून न्याहाळतात. तशीच नजर वाद्य घडविणाऱ्या हातांकडे वळविता येईल. एक कारागीर आवारात बसून जवारी लावीत आहे, शेजारी अर्धा कापलेला भोपळा आहे, आणि शाळकरी मुले ती तार छेडून स्वर उमलताना ऐकत आहेत, एवढे जरी घडले तरी पुष्कळ झाले. आणि सूत्रसंचालकाने साथीदारांच्या नावांबरोबर एक वाक्य अधिक उच्चारावे: आजचे तंबोरे अमुक गावच्या अमुक कारागिराने घडविलेले आहेत. याला खर्च लागत नाही, स्मरण लागते.

आपल्या गावापुरते म्हणावयाचे तर पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेची पवनाथडी जत्रा महिला बचत गटांच्या हातच्या वस्तूंना दालन देते आणि तेथे सांस्कृतिक कार्यक्रमही होतात. आपल्या धर्मग्रामांच्या सणालाही मांडव पडतो, गायनवृंद पेटी-तबल्यावर गातो, भगिनी भरतकाम, मेणबत्त्या, फुले मांडून बसतात. बहुधा त्या मेजावर किमतीची चिठ्ठी असते. करणारीचे नाव नसते. ते लिहावे. घेणाऱ्याला वस्तू कोणाच्या हातची आहे हे कळले, की पुढच्या वर्षी तो वस्तूबरोबर त्या व्यक्तीचीही चौकशी करतो, आणि तिच्या मुलीला ती कला शिकावीशी वाटण्याची शक्यता निर्माण होते.

शस्त्रे घडविणारे एक घराणे दिवस पालटल्यावर वाद्ये घडवू लागले, ते कोणीतरी त्यांच्या हातांवर विश्वास ठेवून दुरुस्तीस एक वाद्य दिले म्हणून. आपल्या यंत्रनगरीतही दिवस पालटत आहेत; कारखान्यांत मानवी हातांची कामे यंत्रमानव करू लागले आहेत. अशा वेळी हातांना काम आणि कामाला नाव देण्याची जागा कोठे आहे, हे शोधण्याची जबाबदारी केवळ मिरजेच्या सतारमेकरांची राहिलेली नाही.